सगळ्यात जास्त कोण थांबलं

बच्छाव मॅडमना ‘सरासरी’ या शब्दाचा राग होता. मीटिंगमध्ये कुणी म्हणालं की सरासरी वेळ अगदी छान आहे, की त्या चष्मा बोटाने वर सरकवत आणि शांतपणे विचारत, “सरासरी राहू द्या. सगळ्यात जास्त कोण थांबलं ते सांगा.” मग तो माणूस हातातले कागद उलटेपालटे करायचा. त्या कागदांत ते नसायचंच. मॅडम त्याच्याकडे बघत थांबायच्या, आणि तो उद्या सांगतो म्हणाला की त्यांच्या वहीत ‘उद्या’ असं लिहायच्या. दुसऱ्या दिवशी त्या खरोखर विचारायच्या, हा त्यांचा सगळ्यात वाईट गुण.

गंगापूर रोडवर एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. नाशिकमधल्या आणि आसपासच्या बऱ्याच दवाखान्यांचे एक्सरे, सीटी स्कॅन वगैरे आमच्याकडे साठवलेले असतात. आतल्या थंडगार खोलीत एका बाजूला सर्व्हर, म्हणजे दवाखान्यांचे प्रोग्रॅम चालवणारी यंत्रं, आणि दुसऱ्या बाजूला स्टोरेज, म्हणजे सगळी चित्रं ठेवलेलं भलंमोठं कपाट. डॉक्टरने तिकडे क्लिक केलं की सर्व्हर कपाटाकडे मागतो, कपाट देतं. या देण्याघेण्यासाठी मध्ये केबली आणि दोन स्विच. दोन अशासाठी की एक रस्ता बंद पडला तर दुसरा असावा. ही ये-जा कशी चाललीय यावर डोळा ठेवणं हे मॅडमचं काम. माझं काम फोन उचलायचं. आमच्या गायधन्यांच्या घरात रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करायची परंपरा. वडील म्हणायचे, तू तरी पँट-शर्टातली नोकरी कर. ती मिळाली, पण धंदा तोच राहिला. लोकांच्या अडचणी ऐकायच्या आणि सगळं नीट होईल म्हणून सांगायचं.

मी नवा होतो तेव्हा एका दवाखान्यातून फोन आला की चित्रं उघडायला वेळ लागतोय. मी तरातरा आत गेलो आणि मॅडमना म्हणालो, स्टोरेज स्लो झालंय. त्यांनी मान वर न करता विचारलं, “कुठून बघून?”

मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा त्यांनी मला बसवून घेतलं आणि कांद्याची गोष्ट सांगितली. त्या मूळच्या सटाण्याकडच्या. वडील कांदा मार्केटात मापारी, म्हणजे काट्यावर माल मोजणारे. हंगामात ट्रॅक्टरांची रांग पार हमरस्त्यापर्यंत जायची आणि पहाटे नंबर लावलेला शेतकरी दुपारी काट्यापाशी पोचला की मापाऱ्याला शिव्या घालायचा. वडील शपथेवर सांगायचे की मी एका ट्रॅक्टरला पाच मिनिटांच्या वर उभं करत नाही. दोघंही खरं बोलत होते. छोटी सुमन, म्हणजे आमच्या मॅडम, वडिलांचा डबा घेऊन जायची ती रांगेच्या शेपटापासून काट्यापर्यंत चालत, त्यामुळे घोडं कुठे पेंड खातंय हे फक्त तिला ठाऊक होतं. आत जायला आणि बाहेर यायला फाटक एकच होतं.

“काट्यापाशी बसून रांग दिसत नाही गायधनी, आणि रांगेत उभं राहून काटा दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “दोन्हीकडून मोजायचं आणि मग मध्ये काय होतंय ते बघायचं.”

तसं त्या रोज मोजायच्या. साडेदहा, एक आणि साडेचार. लांबोडकी वही, त्यात प्रत्येक सर्व्हरची एक ओळ आणि तीन रकाने: सर्व्हरला किती वाट बघावी लागली, कपाटाला द्यायला किती वेळ लागला, आणि तिसऱ्यावर नुसतं ‘मधलं’. पहिल्यातून दुसरं वजा केलं की मधलं. मे महिन्यात बाहेर डांबर वितळत असायचं आणि या बाई यजमानांचा जुना बिनबाह्यांचा स्वेटर साडीवर चढवून थंड खोलीत उभ्याने आकडे लिहायच्या. स्वेटर त्यांना गुडघ्यापर्यंत यायचा. आम्ही मागून हसायचो. त्यांना ते माहीत होतं आणि त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही.

सर्व्हरवाले आणि स्टोरेजवाले यांचं भांडण आमच्या धंद्यात सासू-सुनेसारखं असतं. हा म्हणतो तुझ्यामुळे, तो म्हणतो नाचता येईना अंगण वाकडं. मॅडमपुढे हे चालत नसे. त्या दोघांची घड्याळं आधी एकमेकांशी जुळवून घ्यायला लावायच्या आणि मगच बोला म्हणायच्या. निम्मी भांडणं घड्याळं जुळवतानाच मिटायची.

हे वेड ऑफिसपुरतं असतं तर ठीक होतं. एका रविवारी आम्ही सगळे मिसळ खायला गेलो. मळ्यातलं हॉटेल, शंभरेक माणसं बसलेली, आमची ताटं येईनात. मी चिडलो, वेटरला दोन शब्द सुनावले, तो बिचारा निमूट ऐकून गेला. मॅडम उठून कुठे गेल्या कळलं नाही. अर्ध्या तासाने मालकासोबत परत आल्या. त्यांनी घड्याळ लावून बघितलं होतं: आत ताटं भरून तयार होती, पण भरलेली ताटं बाहेर आणि खरकटी आत, सगळं एकाच अरुंद दारातून चाललं होतं आणि पोरं एकमेकांना वाट देत उभी होती. मालकाने तिथल्या तिथे मागचं दार उघडायला लावलं. मॅडमनी परत बसताना मला सांगितलं की त्या वेटरची माफी मागून या. सगळ्यांसमोर सांगितलं. मी गेलो आणि मागितली. अजून आठवलं की कान गरम होतात, पण चूक माझीच होती.

मग आमच्याकडे भिंतीवरचा पडदा आला. कुलकर्णी साहेब, म्हणजे आमचे मॅनेजर, त्यांना पाहुण्यांना दाखवायला काहीतरी हवं होतं. मोठ्ठा स्क्रीन, त्यावर सगळी वाहतूक एका नजरेत. ठीक असलं की हिरवं, तुंबलं की लाल. तो बसवला मॅडमनीच आणि मनापासून बसवला. एवढ्याशा जागेत सगळं मावत नव्हतं, म्हणून दोन्ही स्विचचा मिळून एकच आकडा घेतला, तोही दर पाच मिनिटांचा. साहेब हिरवा रंग बघून खूश झाले आणि म्हणाले, आता वहीचं काय काम. मॅडमनी दोन-चार महिने वही रेटली. पण पडदा आणि वही सारखंच सांगायचे, तेव्हा एक दिवस वही ड्रॉवरमध्ये गेली. आम्हाला बरं वाटलं. आता दुपारी एकला त्या आमच्याबरोबर डबा खायला बसू लागल्या होत्या.

त्या श्रावणात एका रविवारी एका स्विचचं काम निघालं. मॅडमनी त्या बाजूचा रस्ता बंद केला, सगळे सर्व्हर दुसऱ्या रस्त्यावर घेतले, काम झालं, सोमवार नेहमीसारखा उजाडला. आठवड्याभराने शिंदे रुजू झाला. संतोष शिंदे, पेठकडचा, सर्व्हर सांभाळायला घेतलेला. आधीचा माणूस नोकरी सोडून पुण्याला गेलेला, त्यामुळे शिकवायला कोणी नाही. कमी बोलणारा, खाली मान घालून काम करणारा मुलगा. सहा महिने उमेदवारी, मग कायम करायचं की नाही ते ठरणार. बायकोला दिवस गेलेले होते.

दसऱ्यानंतर एक नवा दवाखाना आमच्याकडे आला, कामाचा ओघ वाढला आणि तक्रारी सुरू झाल्या. रोज अकराच्या सुमाराला चित्रं अडकायची. मिनिटभर, अर्धा मिनिट, मग आपोआप सुरळीत. कुलकर्णी साहेबांनी मीटिंग घेतली. शिंदेने सांगितलं की सर्व्हरला थांबावं लागतंय. मॅडमनी कपाटाचे आकडे बघून सांगितलं की स्टोरेजकडून सगळं ठीक आहे. ते खरंच होतं. पडदाही हिरवा होता. साहेबांनी दोन आणि दोन चार केले, आणि खापर शिंदेवर फुटलं. पुढच्या दोन महिन्यांत त्याने सगळे सर्व्हर पुसूनपासून पुन्हा बसवले, सुट्ट्या घेतल्या नाहीत, डबा जागेवर खाल्ला. अकरा वाजले की तो खुर्चीत आक्रसून बसायचा. संक्रांतीच्या सुमाराला त्याला कायम न करण्याचं पत्र तयार झालं. बायकोला तेव्हा आठवा महिना होता. कारणात लिहिलं होतं: सर्व्हरची कामगिरी असमाधानकारक. मुदत संपायला दोन आठवडे होते, तोपर्यंत पत्र साहेबांच्या ड्रॉवरमध्ये होतं आणि शिंदेसकट सगळ्यांना ते माहीत होतं.

त्या आठवड्यात मला एका डॉक्टरांचा फोन आला. ते ओरडले नाहीत. म्हणाले, “गायधनी, अर्धांगाचा पेशंट टेबलवर आहे आणि माझ्या स्क्रीनवर गोल फिरतंय.” माझं डोकं सटकलं. फोन तसाच चालू ठेवून मी मॅडमच्या पुढ्यात नेऊन ठेवला आणि म्हणालो, आत्ता, या क्षणाला हा माणूस थांबलाय, आणि बघा तुमचा पडदा. पडदा हिरवागार होता.

मॅडमनी पडद्याकडे बघितलं, मग फोनकडे. मग त्यांनी खुर्ची ओढली, पडद्याचा नाद सोडून थेट स्विचचे आकडे उघडले, सेकंदासेकंदाचे, दोन्ही वेगवेगळे. एका स्विचवर रेघ छताला टेकली होती. दुसऱ्यावर काहीच नव्हतं. शून्य. एक तुडुंब आणि एक रिकामा, मिळून सरासरी निम्मी, म्हणून पडदा हिरवा. श्रावणातल्या त्या रविवारी बंद केलेला रस्ता बंदच होता. काम चालू असताना उगाच बोंबलू नये म्हणून त्या बाजूचा अलार्मही त्यांनी मुका केला होता, आणि तोही मुकाच राहिला होता.

दहा मिनिटांत त्यांनी रस्ता उघडला आणि दोन्ही रेघा सारख्या उंचीला येऊन चालू लागल्या. फोनवर डॉक्टर म्हणाले, आलं, आणि ठेवून दिला. पाच महिने जे चाललं होतं ते तेवढ्यात संपलं.

आता माझं ऐका, कारण यात माझी बाजू चांगली नाही. एप्रिलमध्ये मॅडम त्या खोलीच्या प्रमुख होणार हे जवळपास ठरलेलं होतं. मी दार लोटून घेतलं आणि त्यांना म्हणालो की झालं ते झालं, आता तोंड उघडू नका. तक्रारी थांबतील, साहेबांना बरं वाटेल, शिंदेचंही कदाचित भागेल. रस्ता कोणी कधी बंद केला हे शोधायला इथे कोणाला येतंय.

“शिंदेचं नाही भागणार,” त्या म्हणाल्या. “साहेब म्हणतील, पत्राची भीती दाखवली तेव्हा सुधारला.” मग त्यांनी बाहेर जिन्यात जाऊन यजमानांना फोन लावला. ते सटाण्याला शाळेत शिक्षक. घरच्यांशी त्या अहिराणीत बोलायच्या. एरवी मोठ्याने आणि हसत बोलायच्या, त्या दिवशी आवाज अगदी बारीक होता. “मनी चूक शे,” एवढं मला ऐकू आलं. “त्या पोऱ्यानी नोकरी जाई ऱ्हायनी.” पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही, पण त्या बराच वेळ नुसत्या हं, हं करत होत्या.

सोमवारच्या मीटिंगला तक्रारी थांबल्याचं मी वाचून दाखवलं. कुलकर्णी साहेब अगदी मॅडम म्हणाल्या होत्या तेच बोलले, शब्दांचाही फरक नाही. शिंदे टेबलाच्या टोकाला मान खाली घालून बसला होता. मॅडम उभ्या राहिल्या. आमच्याकडे मीटिंगमध्ये कोणी उभं राहून बोलत नाही.

“श्रावणात दुसरा रस्ता मी बंद केला, अलार्म मी मुका केला, आणि काम झाल्यावर दोन्ही परत चालू करायला विसरले,” त्या म्हणाल्या. “शिंदे त्यानंतर आले. दोन रस्ते असतात हे त्यांनी इथे कधी बघितलंच नाही. आणि तपासायची वेळ आली तेव्हा मी सरासरी बघून ठीक आहे म्हणाले.”

साहेब गडबडले. म्हणाले, ठीक आहे मॅडम, आता झालं ना सुरळीत, हे कागदावर कशाला. तर मॅडमनी शांतपणे सांगितलं की कागदावर आधीच आलेलं आहे, फक्त नाव चुकलंय. शिंदेच्या पत्रात माझं नाव घाला, नाहीतर ते पत्र फाडा.

पत्र फाटलं. शिंदे कायम झाला. मॅडमनी सगळ्या दवाखान्यांना काय घडलं ते दीड पानात लिहून सही करून पाठवलं. साहेबांनी त्यातली तीन वाक्यं काढायला सांगितली, त्यांनी एकही काढलं नाही. एप्रिलमध्ये खोलीचा प्रमुख म्हणून बाहेरून एक गृहस्थ आणले गेले, ज्यांना सरासरी फार आवडते. मॅडमकडे मोजायचं काम राहिलं.

आता तुम्हाला वाटेल की शिंदेने त्यांचे पाय धरले असतील. मलाही तसं वाटलं होतं. तो त्यांच्याशी बोलायचाच बंद झाला. कामापुरतं हो-नाही, तेही दुसरीकडे बघून. मला राग आला. कॅन्टीनमध्ये मी त्याला गाठलं आणि सुनावायला सुरुवात केली, की तुझ्यासाठी बाईंनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला आणि तू असा. तो एवढंच म्हणाला, “मला वाटायचं माझंच डोकं चालंना. दोन महिने मी घरी बायकोसमोर बसत नव्हतो.” मॅडम मागेच होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या की त्याला परत काही बोलायचं नाही. त्याचे दोन महिने गेलेत, ते आपल्याला देता येत नाहीत.

ड्रॉवरमधली वही परत निघाली. आणि आमच्या खोलीत एक नवी रीत सुरू झाली. अलार्म मुका करणाऱ्याने मनगटाला लाल नाडा बांधायचा आणि अलार्म परत बोलता झाल्यावरच सोडायचा. नाडा आमच्या घरचा, पूजेच्या सामानातला. मॅडमनी माझ्याकडून अख्खं रीळ मागवून घेतलं. नवे प्रमुख हसले. म्हणाले, कॉम्प्युटरच्या खोलीत गंडेदोरे. मॅडम म्हणाल्या, पडदा बघायचा विसरतो माणूस, हात धुताना मनगट बघायचं विसरत नाही. हळूहळू सगळे बांधू लागले. शिंदेही, न बोलता.

पुढच्या वर्षी मॅडमनी राजीनामा दिला. मुलीचं शिक्षण संपलं होतं, नाशिकला भाड्याने राहायचं कारण उरलं नव्हतं. शेवटच्या दिवशी केक कापला, भाषणं झाली. नव्या प्रमुखांनी त्यांना शाल दिली आणि त्यांच्या कामाची सरासरी उत्तम होती असं म्हणाले. मॅडम चक्क हसल्या. शिंदे तेवढा नव्हता. त्या दिवशी त्याने एका स्विचचं काम काढलं होतं आणि तो आतच होता. साडेपाचला मॅडम पर्स आणि शाल घेऊन निघाल्या. सहाची सटाण्याची बस होती. मी बॅग धरून जिन्यापर्यंत गेलो, तेवढ्यात आतलं दार उघडलं.

शिंदे दारात उभा होता. नाडा मनगटालाच होता. सव्वा वर्षात पहिल्यांदा तो त्यांच्याकडे सरळ बघत होता.

“मॅडम, काम झालंय. दोन्ही रस्ते चालू केलेत,” तो म्हणाला. “तुम्ही एकदा बघता का? तुम्ही बघितल्याशिवाय मला नाडा सोडवत नाही.”

मॅडमनी पर्स खांद्याला तशीच ठेवली आणि आत गेल्या. मी मागोमाग. त्या स्क्रीनसमोर उभ्या राहिल्या, चष्मा वर सरकवला आणि बोट खाली सरकवत एकेक ओळ बघितली. वेळ लागला. खोलीत पंख्यांचा घोंघाट चालू होता. शेवटच्या ओळीवर येऊन त्यांनी बोट उचललं.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. शिंदेचे खांदे सैल झाले. मनगटावरची गाठ शोधायला त्याने दुसरा हात पुढे केला. मॅडमनी तो हात धरला.

“पण मी बघितलं म्हणून बरोबर समजू नका, शिंदे. मी विसरलेली बाई आहे. तुम्ही परत बघा.”

त्याने स्वतःची खुर्ची ओढून त्यांना दिली, स्टूल घेतलं आणि पहिल्या ओळीपासून परत बघायला लागला, मोठ्याने वाचत. मॅडम शाल मांडीवर घेऊन ऐकत बसल्या. मी बॅग भिंतीशी ठेवली. सहाची बस गेली.